आक्काला औषध चढलं तेव्हा

आमच्याकडं पिकावर फवारायच्या विषाला विष म्हणायची पद्धत नाही. औषध म्हणतात. डोकं दुखलं की मेडिकलमधून आणतो ते औषध आणि कपाशीवर मारतो तेही औषधच. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मीही तसंच म्हणत आले. त्यात कधी काही खटकलं नाही.

मी परतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नवरा बँकेत आहे. वाटूरच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथली शेती माझे मोठे दीर आणि जाऊ बघतात. दिरांना सगळे दादा म्हणतात. जावेला मी आक्का म्हणते. आक्काचा आवाज आधी घरात येतो, मग ती येते. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. स्कुटीवर वाटूरला जाऊन बी-बियाणं तीच आणते, मजुरांना बोलावणं तिच्याकडंच. दादा मवाळ. सुरुवातीला मला तिची भीती वाटायची. माझ्या बाळंतपणात ती परतूरला येऊन राहिली, मला काही न विचारता रोज डोक्याला तेल थापून जायची, तेव्हा कुठं ती भीती गेली.

ती आजारी पडलेली मी पाहिलेलीच नव्हती. "ताप आला तर कामाला लागावं, घाम येतो आन ताप जातो," असं तिचं शास्त्र होतं. मी हसायचे.

त्या रविवारी आम्ही दोघं गावी गेलो होतो. पाऊस उघडून ऊन तापायला लागलं होतं. कपाशी छातीला लागेल एवढी वाढलेली, आणि पानांखाली पांढरी माशी पडली होती. पानं नुसती चिकट झाली होती. दादा मंठ्याला एका नातलगाच्या दहाव्याला गेले होते आणि फवारणीला माणूस मिळत नव्हता.

"मीच मारते," आक्का म्हणाली.

"आक्का, तुम्ही कशाला? दादा उद्या येतील ना."

"उद्यापर्यंत माशी माझी वाट बघत बसणार हाय का? आन पंप काय बाप्याच्याच पाठीला बसतो?"

तिनं लुगड्यावरून दादांचा जुना शर्ट चढवला, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि बॅटरीवरचा पंप पाठीला लावून निघाली. जाताना मला म्हणाली, "मास्तरीणबाई, भाकरी करून ठेवा. लई नाजूक करू नका, माझ्या हाताला लागली पाहिजे."

भाकरी झाल्या, त्यांच्यावर फडकं टाकलं, माझ्या नवऱ्यानं जेवूनही घेतलं. दुपार कलायला लागली तेव्हा आक्का आली. पंप तिनं दारातच टाकला. आवाज आला नाही, म्हणून मी बाहेर आले. ती ओट्यावर बसली होती आणि शर्ट अंगाला चिकटला होता.

"लई ऊन लागलं गं," ती म्हणाली. "डोळ्यापुढं धुकं धुकं दिसून राह्यलं."

मी तिला आत आणलं, लिंबू-साखरेचं पाणी दिलं. दोन घोट गेले आणि ते परत आलं. मग आणखी आलं. तोंडातून लाळ सुटली होती, आक्का पुसत होती आणि लाळ थांबत नव्हती. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, कपाळावर घामाचे ओघळ. अंगातलं सगळं पाणी कुणी पिळून बाहेर काढत असावं तसं. उन्हानं असं होत नाही हे मला जाणवत होतं, पण काय होतंय ते कळत नव्हतं.

"डोळे दाखवा बरं," मी म्हणाले.

खोलीत उजेड कमी होता. जाड भिंतींची, एका खिडकीची खोली. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, हे मी दरवर्षी वर्गाच्या खिडक्या लावून मुलांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावून दाखवते. मी आक्काच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. अंधाऱ्या खोलीत! तपकिरी बुबुळाच्या मधोमध नुसता एक ठिपका. ती माझ्याकडं बघत होती, पण तिला मी दिसत होते की नाही कोण जाणे. तिच्या पापणीखालचं मांस आपोआप थरथरत होतं. मग गालाचं. मग दंडाचं. कातडीखाली किडे वळवळावेत तसं.

मी नवऱ्याला ओरडून हाक मारली. शेजाऱ्यांची जीप मिळाली. आक्काला मागच्या सीटवर आडवं घातलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. जालन्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा तिच्या छातीतून आवाज यायला लागला. पातेल्यात पाणी उकळतं तसा. प्रत्येक श्वासाला फेस तोंडापाशी येत होता आणि मी तो पदरानं पुसत होते. "जल्दी चल रे, जल्दी," एवढंच माझा नवरा पुढं बसून म्हणत राहिला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारली आणि लगेच विचारलं, "कोणतं औषध घेतलं? किती घेतलं?"

"घेतलं नाही," मी म्हणाले. "फवारत होत्या."

त्यांनी वरही पाहिलं नाही. "सगळे असंच सांगतात. जे असेल ते खरं सांगा, उपचाराला उपयोग होतो."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी शिकलेली बाई, शिक्षिका, समोर उभी राहून खरं सांगते आहे आणि ते ऐकायच्या आधीच त्याची किंमत ठरली आहे. पण भांडायला वेळ नव्हता. सिस्टरनं कात्री घेऊन दादांचा शर्ट पाठीवर कापला. आत ब्लाउज, त्याच्या आत पाठ, सगळं ओलं. घाम नव्हता तो. त्या ओलाव्याला लसणासारखा उग्र वास होता. पंपाचं झाकण गळत होतं. सकाळपासून ते पाणी तिच्या पाठीवर झिरपत होतं आणि कातडीतून आत जात होतं. जीपमध्येसुद्धा. माझ्या मांडीवरसुद्धा.

साबणाचं पाणी ओतून ओतून त्यांनी तिला धुतलं. केसही धुतले. मलाही साडी बदलायला लावली, सिस्टरनं कुणाचा तरी गाऊन आणून दिला. डॉक्टर इंजेक्शनमागून इंजेक्शन देत होत्या, छातीला नळी लावून ऐकत होत्या, पुन्हा देत होत्या. मी दारात उभी राहून बघत होते. हळूहळू छातीतली ती उकळी कमी झाली. लाळ आटली. कपाळ कोरडं झालं. आणि बाहुल्या मोठ्या व्हायला लागल्या, इतक्या की आता डोळे नुसते काळे दिसायला लागले.

पुढं जरा उसंत मिळाल्यावर त्याच डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन सुटतं, ते पुढच्या पेशीला सांगतं, काम कर. काम झालं की दुसरं एक रसायन येऊन तो निरोप पुसून टाकतं. हे औषध त्या पुसणाऱ्यालाच जखडून टाकतं. मग निरोप पुसलाच जात नाही. ग्रंथीला सांगितलं पाणी सोड, ती सोडतच राहते. स्नायूला सांगितलं आवळ, तो आवळतच राहतो. पुढं दमून निकामी होतो.

"माशीच्या अंगात हेच होतं," त्या म्हणाल्या. "माणसाच्या अंगात पण हीच व्यवस्था आहे. औषधाला फरक कळत नाही."

मला हे माहीत होतं. पुस्तकात आकृतीही आहे, दोन फुगवटे आणि मधली फट, त्या फटीतले ठिपके. ती आकृती मी फळ्यावर काढत आले आहे. माझी जाऊ आणि पानाखालची माशी, दोघींच्या पेशी एकाच जागी अडकल्या होत्या, आणि मी इतकी वर्षं ते ठिपके काढत होते.

पोलीस आले ते त्यानंतर. विषबाधेची केस म्हटली की जबाब होतोच. हवालदार थकलेला होता, वाईट नव्हता. वही उघडून त्यानं विचारलं, "औषध घेण्याचं कारण?"

"घेतलं नाही हो. फवारताना चढलं," माझा नवरा म्हणाला.

"नवरा कुठं होता?"

"दहाव्याला गेले होते."

"म्हणजे घरी नव्हता," हवालदार म्हणाला आणि लिहायला लागला. तो साधं वाक्य लिहीत होता, पण त्याला ते लिहिताना बघून त्याचा काहीतरी वेगळाच अर्थ होत चालला आहे असं मला वाटलं.

दादा मंठ्याहून थेट दवाखान्यात आले. तोवर आष्टीहून आक्काचा थोरला भाऊ आणि भावजयही पोचले. भाऊ आल्या आल्या दादांसमोर उभा राहिला.

"दाजी, खरं सांगा. घरात काय झाल्तं?"

दादा आतल्या दाराकडंच बघत होते. ते हादरून गेले होते.

"काही झालं नव्हतं हो," मी मध्ये पडले. "मी स्वतः घरी होते. सकाळी हसत गेल्या."

"तुमी त्यांच्याच घरच्या," तो म्हणाला. "आमची बहीण असल्या तसल्या गोष्टीला भिणारी न्हाई. ती अशी एकदम औषध घेती म्हणजे काय तरी झाल्याबगर घेत न्हाई."

"तिनं घेतलंच नाही!" माझा नवरा ओरडला.

आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाकड्यावरची एक म्हातारी शेजारणीला हळू आवाजात म्हणाली, "बाईनं औषध घेतलंय वाटतं." आणि शेजारणीनं मान हलवली, माहीत असल्यासारखी.

एवढ्यात आतून सिस्टरनं हाक मारली. आम्ही सगळेच आत गेलो. आक्का अंथरुणात उठून बसली होती. डोळे टक्क उघडे, काळेभोर, गाल लाल झालेले, ओठ सुकून फुटलेले. आणि ती कापूस वेचत होती.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. तिची बोटं चादरीवर टिपत होती, काहीतरी उचलत होती आणि ओटीत टाकत होती. दोन्ही हातांनी, लयीत. वेचणीला बाई सरीत चालताना जशी वेचते, डावा हात, उजवा हात, ओटी. चादर संपली की हवेतून. मग सिस्टरच्या बाहीवरून. "इकडं लई फुटलाय," ती म्हणाली. "ए, तिकडच्या सरीला कोण लागलंय? वल्ला वेचू नका."

तिथं काहीच नव्हतं. पांढरी चादर आणि तिची बोटं. थोरला भाऊ पलंगाच्या कडेला धरून उभा होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हे काय झालं हो हिला?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"औषधाच्या उलट औषध दिलंय ना, त्यानं होतं," त्या म्हणाल्या. "ते कमी करता येत नाही आता. श्वास चालू ठेवायचा आहे. हे भास उतरतील."

भाऊ बहिणीजवळ वाकला. "अगं, मी आलोय. कुणी काय केलं तुला? कुणी दिलं औषध?"

आक्का थांबली. त्याच्याकडं बघून, स्वच्छ आवाजात, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोण देतंय? औषध मीच घेतलं."

आणि पुन्हा वेचायला लागली.

दादांनी भिंतीला पाठ टेकली. हवालदार दारात होता, त्यानं ऐकलं. थोरल्या भावानं दादांकडं पाहिलं, आणि ती नजर मी विसरू शकत नाही. आणि मी? मी सकाळची प्रत्येक गोष्ट आठवायला लागले. हसत गेली, पण खरंच हसत होती का? पंपाला पाठ दिली ती स्वतःहून. दादा घरी नसतानाचा दिवस. पाठ ओली होती हे मी पाहिलं होतं, वास घेतला होता, तरी पण. एका वाक्यानं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मला खोटं वाटायला लागलं.

दादा भिंतीपाशीच म्हणाले, "माझ्या हातून काय चुकलं आसन? मला तर काय आठवंना." त्यांनी ते कुणालाच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आक्काचे हात थांबले. तिनं पाणी मागितलं. मग विचारलं, "हे कुठं आणलंय मला?" आवाज घोगरा होता, पण तिचा होता. आम्ही सगळे पलंगाभोवती गोळा झालो. कुणाचं विचारायचं धाडस होईना. शेवटी मीच म्हणाले, "आक्का, काल तुम्ही म्हणालात, औषध मीच घेतलं."

"मंग?" ती म्हणाली. "मीच घेतलं ना. वाटूरच्या दुकानातून. ह्यांना सांगितलं असतं तर आठवडाभर इचार करत बसले असते."

तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. मी तिचा चेहरा बदलताना पाहिला. आधी तिला समजलं नाही, मग समजलं, आणि मग तिला जो धक्का बसला तो विषापेक्षा मोठा होता असं मला वाटतं.

"म्हणजे तुमाला वाटलं मी पिले?" ती भावाला म्हणाली. "मी? आन कशासाठी? ह्या माणसापायी?" तिनं दादांकडं बोट केलं. "हा मला उभ्या जन्मात एक वाकडा शब्द बोलला न्हाई. आरं, भांडायला सुदीक येत न्हाई त्याला."

थोरला भाऊ खाली बसला, आणि त्यानं दादांचे पाय धरले. दादा घाईघाईनं मागं सरकले, "अहो, काय करता, उठा," म्हणत राहिले. मला रडू आलं आणि हसूही आलं. हवालदारानं जबाब नव्यानं लिहून घेतला. चहा आला. आक्कानं तो बशीत ओतून प्यायला आणि साखर कमी म्हणून कुरकुर केली. आम्हाला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले. आक्का जागी होती. मला बघून हसली, पण उठली नाही.

"अगं, माझी मान उचलंना," ती म्हणाली.

"अवघडली असेल."

"अवघडली न्हाई. दुखत न्हाई. उचलंनाच."

मी तिच्या मानेखाली हात घातला. डोकं हातात दगडासारखं आलं. हात सोडला तर ते तसंच मागं पडलं असतं. तान्ह्या बाळाचं डोकं धरतात तसं मी ते धरून ठेवलं. एवढी मोठी बाई. तिनं हात वर करून पाहिला, तो खांद्यातून उठला नाही, फक्त बोटं हलली. आता तिच्याही डोळ्यांत भीती आली. आणि मग मला दिसलं की ती बोलताना मध्ये मध्ये थांबते आहे, दोन शब्दांनी श्वास घेते आहे.

मी पळत डॉक्टरांना आणायला गेले. त्या आल्या, तिला म्हणाल्या, "मान उचला बरं," आणि ती उचलली न गेल्यावर एकही प्रश्न न विचारता सिस्टरला मशीन आणायला सांगितलं. मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला दिसलं, घशात नळी घालत होते. काल चहात साखर कमी म्हणणारी बाई आज स्वतः श्वास घेऊ शकत नव्हती.

"पण ती तर बरी झाली होती," मी बाहेर आलेल्या डॉक्टरांना म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काल बरी होती!"

"होतं असं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिली लाट ओसरते. मग काहींच्या मानेचे, खांद्याचे, छातीचे स्नायू थकून बंद पडतात. ह्याला आपल्याकडं उलट औषध नाही. शरीरालाच ते पुसणारं रसायन नव्यानं तयार करावं लागतं. पेशी करतात. तोवर श्वास मशीन घेईल."

"किती दिवस?"

"पेशींना विचारायला पाहिजे."

त्या चेष्टेनं बोलल्या नव्हत्या. खरंच दुसरं कुणी उत्तर देऊ शकणार नव्हतं. मी शाळेत सुट्टी टाकली. दादा, मी आणि थोरला भाऊ आळीपाळीनं बसायचो. जुन्या जालन्यात त्या भावाच्या ओळखीचं एक घर होतं, तिथं आंघोळीला जायचो. मशीन श्वास आत ढकलायचं, आक्काची छाती वर यायची, खाली जायची. डोळे उघडे असायचे. तिला सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. दादा तिच्या कानाशी बसून शेतातलं सांगायचे, सोयाबीनची काढणी कुठवर आली, कुणाच्या शेतात यंत्र आलं. एवढं बोलताना त्यांना मी कधीच ऐकलं नव्हतं.

मी मात्र तिच्या अंगाकडं बघत बसायचे. ह्या कातडीखाली कोट्यवधी पेशी बसून एक जखडलेली गोष्ट नव्यानं बनवत आहेत, कुणाच्याही सांगण्याशिवाय, ह्या विचारानं मला धीर येण्याऐवजी भीती वाटायची. त्यांनी नाही बनवली तर? त्यांचं कुणावाचून काय अडलंय?

त्यांनी बनवली. एके दुपारी सिस्टरनं मला हाताला धरून आत नेलं. आक्कानं माझ्याकडं बघत, दात घट्ट दाबून, उशीवरून डोकं उचललं. जेमतेम बोटभर. पुन्हा टाकलं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

घरी आणल्यावर काही दिवसांनी मी दादांबरोबर शेतात गेले. पंप अजून बांधावर पडला होता, कुणी तरी दारातून उचलून तिथं नेऊन टाकलेला. दादांनी कपाशीचं एक पान उलटं केलं. पानाखालून पांढरी धूळ उडावी तशी माशी उडाली. भुर्र झाली आणि पुढच्या झाडाला जाऊन बसली.

ह्याच शेतात, ह्याच औषधानं माझ्या जावेचे स्नायू, श्वास, शुद्ध, सगळं गेलं होतं. आणि ज्यांच्यासाठी ते मारलं त्या माश्या मजेत होत्या.

"दुकानदार म्हणतो, डोस वाढवा," दादा म्हणाले. "न्हाई तर दोन औषधं मिसळून मारा म्हणतो."

"दादा, ज्या मेल्या त्यांच्या पोटच्या ह्या नाहीत," मी म्हणाले. "ज्या जगल्या त्यांच्या पोटच्या आहेत. दरवर्षी ज्यांना औषध सोसलं त्याच उरल्या, आणि त्यांनीच अंडी घातली. त्यांच्या अंगात आता औषध मोडून टाकायची सोय झाली आहे. माशीच्या पिढ्या झपाट्यानं होतात हो. आपल्या होत नाहीत."

दादांनी ते पान तोडून खाली टाकलं. मग म्हणाले, "म्हणजे ती शिकली. आन आपुन तेच मारून राह्यलो."

आक्का चालायला लागली होती, पण दिवाळीच्या सुमाराला एक गोष्ट झाली. ती अंगणातून स्वयंपाकघरात आली आणि मी पाहिलं तर एका पायात चप्पल नव्हती.

"आक्का, चप्पल?"

तिनं खाली पाहिलं. चप्पल अंगणातच निसटून राहिली होती. तिला कळलंच नव्हतं. मी तिला खाटेवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि तिच्या तळव्याला सेफ्टीपिनचं टोक लावलं. "काय वाटतं?"

"तू कधी लावते त्याची वाट बघून राह्यले," ती म्हणाली.

मी लावलं होतं. दोनदा. आता अजून काय उरलं होतं? जालन्याला गेलो तर डॉक्टर म्हणाल्या, लांबचे मज्जातंतू उशिरा सुकतात, आठवड्यांनी कळतं. वाढतील, पण हळू. आणि सगळे वाढतील असंही नाही.

त्या वर्षी कापूस वेचणीला ती बांधावर बसून राहिली. बायकांना तिथूनच ओरडायची. पुढच्या उन्हाळ्यात मी गावी असताना ती एकदा लंगडत घरात आली आणि दादांना जोरात हाक मारून म्हणाली, "अहो, अंगणात खडा कुणी टाकला? टोचला ना मला!" दादा धावत आले आणि तिच्या पायापाशी बसले. कुठं टोचला ते विचारत राहिले. इथं? इथं? आणि ती चिडून, "हां, तिथंच, दाबू नका की," म्हणत राहिली.

डाव्या पायाची करंगळी अजून मुकीच आहे. आम्ही औषध सोडलं असंही मी म्हणणार नाही. ते कमी झालं. दादा आता निंबोळी अर्क फवारतात, पिवळे चिकट सापळे लावतात, माशी जास्तच वाढली तर बदलून दुसरं काही मारतात, आणि मारायला जाणारा माणूस हातमोजे घातल्याशिवाय शेतात जात नाही, आक्का जाऊ देत नाही. काही वर्षी उत्पन्न बरं असतं, काही वर्षी नसतं.

मागच्या वर्षी आष्टीला एका लग्नात एक ओळखीची बाई माझ्या कानाशी लागली. "आता काय झालं गेलं," ती म्हणाली, "पण खरं सांगा, तुमच्या जाऊबाईंनी तेव्हा का घेतलं होतं?"

मी मान वळवून पाहिलं. पंगतीत समोरच आक्का बसली होती, वाढप्याला भात अजून वाढ म्हणून ओरडत होती.